वेस, खंदक आणि बाह्यवळण

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास दौलताबादच्या दिल्ली दरवाजापाशी जाऊन उभे राहावे. शहराकडून आलेल्या मोटारी वेरूळकडे निघालेल्या असतात, खुलताबादकडून आलेल्या शहराकडे. आणि दोहोंच्या मध्ये किल्ल्याच्या अंबरकोटाची ती कमान असते, जिच्याखालून एका वेळी एकच मोठे वाहन जेमतेम पार व्हावे. मग कोणीतरी गाडीतून खाली उतरतो आणि अंगावर खाकी नसताना हात वर करून वाहतुकीचा ताबा घेतो. एसटीचा चालक आरसा आत दुमडतो. मागून आलेला दुचाकीवाला फटीतून पुढे घुसतो आणि समोरच्या ट्रॅक्टरपुढे अडकून पडतो. रस्त्याच्या कडेला हंगामात सीताफळांच्या, एरवी पेरूंच्या पाट्या मांडून बसलेल्या बाया मात्र हा सगळा गोंधळ शांतपणे पाहत असतात. थांबलेल्या मोटारीची काच खाली होते आणि काच खाली झाली की भाव विचारला जातो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

या कमानीविषयी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हा दरवाजा म्हणजे ऐतिहासिक ठेवा आहे. त्याला वाहनांचा धक्का लागू नये, त्यासाठी रस्ता बाहेरून वळवावा. दुसरा म्हणतो, रस्ता वळला की गाव बसले. आम्ही बरीच वर्षे पहिल्या पक्षात होतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आजही आहोत. परंतु गेल्या काही वर्षांत या परिसराभोवती जे रस्ते उभे राहिले ते पाहता, दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले नव्हते, अशी टोचणी लागून राहिली आहे. प्रस्तुत लेख हा त्या टोचणीचा जमाखर्च आहे.

प्रारंभ शब्दापासून करू. कारण शब्द हेच आमचे उपजीविकेचे साधन आहे. 'बायपास'ला शासकीय मराठीत 'बाह्यवळण रस्ता' म्हणतात. शब्द तसा चांगला घडवलेला आहे, पण त्यात 'बाह्य' काय हे कोणी ठरवायचे? मराठीत या अर्थाचा जुना शब्द आहे 'वळसा'. वळसा घालणाऱ्याला आपण काय टाळतो आहोत, याची जाणीव असते. देवळाला वळसा घातला तर प्रदक्षिणा होते. सावकाराच्या घराला घातला तर ती लाज असते. दोन्हींत मधल्या वस्तूचे अस्तित्व मान्य केलेले असते. 'बाह्यवळणा'त मात्र मधली वस्तू नाहीशी होते. उरते ते फक्त वेगाने जाणारे वाहन आणि त्याच्या आड न येणारा प्रदेश. आपल्याकडे कोणी आवर्जून भेटीला आले, तर त्याने 'वाट वाकडी केली' असे आपण कृतज्ञतेने म्हणतो. आता वाट वाकडी केली जाते ती भेट टाळण्यासाठी. एका वाक्प्रचाराचा अर्थ असा उलटावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने केवळ गंमत म्हणून सोडून देऊ नये.

आमच्या शहराचा इतिहास हा एका अर्थी वर्तुळांचा इतिहास आहे. देवगिरीचेच पाहा. बाहेरून अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत काळाकोट, आणि सर्वांच्या मध्ये तासून उभा केलेला डोंगर व त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. मलिक अंबराने 1610मध्ये खडकी वसवली. पुढे तिचे औरंगाबाद झाले आणि 1682मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तटबंदी उभारली. त्या तटाला दरवाजे होते, आणि त्यांतल्या अनेकांची नावे पुढच्या मुक्कामावरून पडली होती : दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, जालना दरवाजा, मक्का दरवाजा. शहराच्या आत उभ्या असलेल्या माणसाला दरवाजाचे नाव सांगे, की इथून गेलास तर कोठे पोहोचशील. मक्केपर्यंतचा विस्तार त्या नावांत होता. 2023मध्ये शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. दरवाजांची नावे मात्र लोकांच्या तोंडी आहेत तशीच आहेत.

तटाचे काम संपले आणि पुढची वर्तुळे डांबराची व काँक्रीटची आली. आमच्या विद्यार्थिदशेत बीड बायपास हा खरोखरच शहराबाहेरचा रस्ता होता. सातारा आणि देवळाई ही तेव्हा गावे होती; सायकलवर तिकडे जाणे म्हणजे सहल. अवजड वाहने शहराच्या पोटातून, जालना रस्त्यावरून जाऊ नयेत यासाठी त्या बायपासचा उपयोग. पण रस्ता झाला की कडेला प्लॉट पडतात, प्लॉट पडले की घरे होतात, घरे झाली की शाळा, मंगल कार्यालये, दवाखाने येतात. आणि एक दिवस असा उजाडतो, की बाहेरून जाणारा ट्रक शाळेच्या दारातून जाऊ लागतो. बीड बायपासवर नेमके तेच झाले. अपघातांमुळे तो रस्ता वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत गाजत राहिला. पुढे त्याचे रुंदीकरण झाले, त्यावर उड्डाणपूल आले. जो शहराला वळसा घालायला निघाला होता, त्याच्याच दोन्ही अंगांना शहर येऊन बसले.

मग आणखी बाहेरचे वर्तुळ आखावे लागले. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 211 आणि आताचा 52, हा पूर्वी दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ असा कन्नडकडे जात असे. चौपदरीकरणात त्याची आखणी बदलली. तो आता शहराला दक्षिणेकडून लांबचा वळसा घालून करोडी, माळीवाडा, कसाबखेडा असा पुढे जातो. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025मध्ये. शहराच्या उत्तरेकडे सावंगी आणि पश्चिमेकडे दौलताबादजवळ माळीवाडा अशी त्याची प्रवेशद्वारे आहेत. देवगिरीच्या माथ्यावरून पाहिले, की ज्या प्रदेशावर यादवांची नजर फिरत असेल त्यातून आता ही पांढरी रेघ जाताना दिसते.

म्हणजे शहराचा जुना तट, बीड बायपास, आणि त्याबाहेर नवे महामार्ग. अंबरकोट, महाकोट, काळाकोट यांचीच ही उलट्या क्रमाने झालेली आवृत्ती म्हणावी. फरक एवढाच, की तटाला दरवाजे ठेवल्याशिवाय तट पुरा होत नसे. प्रवेशनियंत्रित महामार्गाला दरवाजे असतात, पण ते लांब लांब असतात आणि वेगाच्या हिशेबाने आखलेले असतात. शेताच्या हिशेबाने ते आखले जात नाहीत.

इथे एका दूरच्या शहराची गोष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराजवळ रॉचेस्टर नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. फोटोग्राफीशी ज्यांचा संबंध आला त्यांना ते कोडॅकचे गाव म्हणून ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मोटारीला आपले दैवत केले. 1956च्या कायद्याने 41,000 मैलांचे महामार्गांचे जाळे विणायचे ठरले आणि त्यासाठी खर्चाचा नव्वद टक्के भार संघ सरकारने उचलला. एवढा पैसा दारात आल्यावर रस्ता नको म्हणणारे शहर विरळा. रॉचेस्टरने आपल्या मध्यवस्तीभोवती महामार्गाचे एक कडे घातले. त्याचे नाव 'इनर लूप'. पन्नासच्या दशकात आरंभलेले हे काम 1965च्या सुमारास पुरे झाले. लांबी पाऊणेतीन मैलांच्या आतबाहेर. त्यासाठी घरे पाडली गेली, गल्ल्या मध्येच तुटल्या, आणि पूर्वेकडच्या भागात रस्ता जमिनीच्या पातळीखाली खोदून नेला गेला.

हेतू असा होता, की उपनगरांत राहायला गेलेल्या माणसाला मध्यवस्तीत सहज येता यावे. झाले असे, की त्याला मध्यवस्तीतून सहज निघून जाता येऊ लागले. 1950मध्ये त्या शहराची लोकसंख्या 3 लाख 32 हजार होती. 2020मध्ये ती 2 लाख 11 हजार उरली. हा सगळा दोष एका रस्त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कारखान्यांची उतरती कळा, गोऱ्यांचे उपनगरांकडे स्थलांतर, कोडॅकचा ऱ्हास, अशी पुष्कळ कारणे त्यामागे आहेत. पण आतल्या शहरात आणि भोवतालच्या वस्त्यांत जी फट पडली, ती या कड्याने पाडली यावर पुढे फारसा वाद राहिला नाही. आणि त्या खोदलेल्या रस्त्याला तिथले लोक काय म्हणत? 'खंदक'. किल्ला ज्यांच्या इतिहासात नाही, अशा लोकांना हा शब्द सुचला. आमच्या डोळ्यांसमोर खराखुरा खंदक रोज असूनही आम्हांला तो सुचला नाही.

गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. 2014 ते 2017 या काळात रॉचेस्टरने या खंदकाचा पूर्वेकडचा भाग चक्क माती टाकून बुजवला. त्याच्या जागी पदपथ आणि सायकलमार्ग असलेला साधा रस्ता केला, आणि मोकळ्या झालेल्या सुमारे सहा एकर जमिनीवर घरे व दुकाने उभी राहिली. सान फ्रान्सिस्कोनेही 1989च्या भूकंपात खिळखिळा झालेला किनाऱ्यावरचा दुमजली महामार्ग दुरुस्त न करता 1991मध्ये पाडायला घेतला. ज्या देशाकडे पाहून आपण रस्ते आखतो, तो देश आपले काही रस्ते पुसू लागला आहे. त्याच्या चुकांचा पहिला खंड आपण पाठ केला, दुसरा अजून हाती धरलेला नाही.

कोणी म्हणेल, रॉचेस्टरचे कडे शहराच्या मध्यभागी होते, आमचे रस्ते शहराबाहेर आहेत. तुलना कशी लागू पडावी? आक्षेप रास्त आहे. बाह्यवळण रस्ता आणि मध्यवस्तीतला महामार्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिल्याची गरज आम्ही नाकारत नाही. पण 'बाहेर' ही जागा स्थिर नसते, हे बीड बायपासने आम्हांला शिकवले आहे. आज माळीवाडा बाहेर आहे. औद्योगिक वसाहतींची वाढ, महामार्गांची सांधेजोड आणि कडेला लागणाऱ्या प्लॉटविक्रीच्या पाट्या पाहता तो किती वर्षे बाहेर राहील? जो रस्ता आज शेतांतून जातो, तोच उद्या वस्तीतून जाणार आहे. आणि तो कुंपणाने बंद असेल, तर त्या वस्तीचा खंदक होणार आहे. रॉचेस्टरला एकदा खोदून एकदा बुजवणे परवडले. आपल्याला परवडेल काय?

खंदकाविषयी देवगिरीइतके शिकवणारे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नसेल. हा किल्ला थेट हल्ला करून सर करणे जवळपास अशक्य मानले जाई, आणि तरीही तो पुनःपुन्हा पडला. 1296मध्ये अल्लाउद्दीन खलजी आला, तेव्हा किल्ल्यात धान्य समजून साठवलेली पोती मिठाची निघाली, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. आख्यायिका बाजूला ठेवू; पण 1633मध्ये महाबतखानाने वेढा घातला, तेव्हा निजामशाही किल्ला उपासमारीने टेकीला आला, हा इतिहास आहे. खंदक शत्रूला अडवतो तसा धान्यालाही अडवतो. भोवतालच्या गावांशी असलेली नाळ तुटली, की मधला डोंगर कितीही ताशीव असला तरी आतले लोक उपाशी पडतात.

याउलट देवगिरीला वैभव मिळाले ते रस्त्यांमुळे. महंमद तुघलकाने 1327मध्ये राजधानी इकडे हलवली, ती गोष्ट आपण वेडेपणाचा नमुना म्हणून सांगतो. पण त्या वेडेपणाबरोबर एक रस्ताही आला. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता त्याचे वर्णन करतो. दिल्लीपासून दौलताबादपर्यंत चाळीस दिवसांची वाट, दुतर्फा झाडे, थोड्या थोड्या अंतरावर डाकेच्या चौक्या आणि वाटसरूला लागेल ते सारे उपलब्ध; जणू बागेतूनच चालावे. या वर्णनात अंतर दिवसांत मोजले आहे आणि प्रतिष्ठा चालणाऱ्याला आहे, हे आम्हांला लक्षणीय वाटते. त्याच स्थलांतराशी आपले मूळ जोडणारे कागदी आजही दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामधल्या कागजीपुऱ्याचे नाव सांगतात. दौलताबादी कागदाचा लौकिक मोठा होता. मराठ्यांच्या दप्तरांतही त्याचे नाव येते. रस्त्याने आलेला कारागीर रस्त्याकडेला राहिला, आणि त्याच्या कागदावर आपले वाङ्मय आणि हिशेब लिहिले गेले. 120च्या वेगाने जाणारे वाहन असे काही मागे ठेवून जात नाही.

मराठी गद्याचा आरंभही चालण्याशी निगडित आहे. यादवकाळात चक्रधरांनी आपल्या अनुयायांना अटनाचा आदेश दिला, आणि त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या त्या गावोगाव हिंडून. 'स्थानपोथी' नावाचा जो महानुभाव ग्रंथ आहे, त्यात तर कोणते स्थान गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाच्या कोणत्या अंगाला, हे इतक्या बारकाईने नोंदले आहे, की वाचणाऱ्याने तिथे जाऊन उभे राहावे. भूगोल हा भक्तीचा विषय होता. पुढे पैठणचा एकनाथ नावाचा मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीला चालत आला, आणि त्याला किल्लेदार जनार्दनस्वामी भेटले, असे परंपरा सांगते. स्वामींची समाधी किल्ल्यावर आहे. चिलखताच्या आत संत आणि खंदकाच्या आत गुरुकुल, असा हा किल्ला. पैठणहून आलेल्या त्या पोराला दरवाजा उघडा मिळाला, म्हणून मराठीला 'एकनाथी भागवत' मिळाले.

मात्र जुन्या दरवाजाचे गोडवे गाताना आम्हांला एका जागी थांबावे लागते. 1934मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ आणि दौलताबाद पाहायला निघाले होते. रमझानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेली ही मंडळी किल्ल्याच्या प्रवेशापाशी असलेल्या हौदावर हातपाय धुतात, आणि थोड्याच वेळात 'हौद बाटवला' म्हणून जमाव धावून येतो. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळते ती पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, आणि सोबत सशस्त्र शिपाई देऊन. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच ठरतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो सांगितला.

हा प्रसंग आठवल्याशिवाय दौलताबादच्या वेशीविषयी कोणी हळवे होऊ नये. 'वेशीबाहेर' या शब्दाला मराठीत एक इतिहास आहे आणि तो सुखाचा नाही. जुना रस्ता माणसांना जोडत होता हे खरे, पण कोणाला कोणत्या पाणवठ्यावर थांबता येईल, हेही तोच ठरवत होता. नवा महामार्ग जात विचारत नाही. तो फास्टॅग विचारतो. एका समाजाला ही सुटका वाटली, तर तिची चेष्टा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. 1934च्या अपमानावरचा उपाय, कोणीच हौदापाशी थांबू नये, हा नव्हे. प्रत्येकाला तिथे थांबता यावे, हा आहे. चवदार तळ्याचा लढा पाण्यापर्यंत जाण्याचा होता. सार्वजनिक जागा सर्वांना खुली करण्याचे काम अर्धे राहिले असताना, सार्वजनिक जागाच टाळून जाणारे रस्ते बांधून आपण तो प्रश्न सोडवत नाही, नुसता मागे टाकतो.

आणि नवा रस्ताही काही निवडक नाही असे नाही. समृद्धीवर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. त्या वेगात दुचाकी म्हणजे आत्मघात. परंतु परिणाम काय झाला ते पाहावे. आमच्या वर्गात या महामार्गाच्या कडेच्या गावांतली मुले-मुली आहेत. कोणी एसटीने येतात, कोणी भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून. त्यांच्या घरच्या शेतातून किंवा शेताच्या बांधावरून तो भव्य रस्ता जातो, आणि त्यावर त्यांना पाऊल ठेवता येत नाही. निबंधाचा विषय म्हणून एकदा 'आमच्या गावचा रस्ता' दिला होता. एका मुलीने लिहिले, की तिच्या आजीला पलीकडच्या शेतात जायला पूर्वी हाकेचे अंतर होते, आता बोगद्यापर्यंत जाऊन परत यावे लागते. आणि पावसाळ्यात बोगद्यात पाणी असते, म्हणून आजी चार महिने पलीकडचे शेत 'नुसते पाहते'. त्या मुलीला वळशाची व्याख्या कोणी शिकवली नव्हती. आम्ही तिला दहापैकी आठ गुण दिले. दोन कशाचे कापले, हे आज आठवत नाही आणि त्याची थोडी शरम वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे. दिल्ली दरवाजातली वाहतूक बाहेरून वळवावी काय? आमचे उत्तर 'होय' असे आहे. राष्ट्रीय स्मारक म्हणून किल्ल्याला संरक्षण आहे. 1958च्या कायद्यातील 2010च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे. कमान रुंद करता येणार नाही आणि करूही नये. तेव्हा पर्यटकांच्या मोटारींना दुसरी वाट हवीच. पण त्या 'होय'ला आमच्या काही अटी आहेत.

पहिली अशी, की नवी वाट आखण्यापूर्वी अंबरकोटाच्या परिसरातले पडके तट, बारवा, हौद, कबरी, पायवाटा यांची नोंद व्हावी. आज कोणाला तरी एक 'स्थानपोथी' लिहावी लागेल, आणि ती रस्त्याच्या निविदेआधी लिहावी लागेल. एक दरवाजा वाचवण्यासाठी दहा अनामिक वास्तू मातीत घालणे म्हणजे संरक्षण नव्हे.

दुसरी अशी, की जुना रस्ता मृत होऊ नये. एसटी गावातून आणि शाळेच्या वेळेला जात राहावी. गावाच्या नावाची पाटी वळणाच्या आधी, वाचता येईल अशा अक्षरांत असावी. 'बाहेर जाण्याचा मार्ग' एवढेच लिहिलेला फलक कोठे पोहोचवतो, हे सांगत नाही. आपले जुने दरवाजे ते सांगत असत. फळे विकणाऱ्या बायांना मोटारींच्या मध्ये उभे न राहता बसता येईल, अशी सावलीची जागा दरवाजाच्या अलीकडे करून द्यावी. वाहतूक सुटल्यावर त्यांचे गिऱ्हाईकही सुटणार आहे, हा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरला गेला पाहिजे.

तिसरी अशी, की मोठ्या रस्त्याखालचे बोगदे कागदावरच्या समान अंतराने नव्हे, तर जिथे पाणंद होती तिथे असावेत, आणि त्यांतले पाणी काढण्याची जबाबदारी पहिल्या पावसाआधी कोणाची तरी ठरलेली असावी. दुचाकी आणि बैलगाडी यांना सलग सेवारस्ता मिळावा. आणि चौथी, सर्वांत अवघड : नव्या वळणाच्या दोन्ही अंगांना प्लॉट पाडण्याची मुभा नसावी. नाहीतर वीस वर्षांनी आमच्या जागी बसलेले कोणी अध्यापक त्याही बायपासच्या बायपासविषयी हाच लेख लिहीत असतील.

ही मागणी प्रगतीविरोधी आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी एकदा श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून निघून या रस्त्याने चालत जावे. शनिवारी पहाटे खुलताबादच्या भद्रा मारुतीचे दर्शन व्हावे म्हणून हजारो माणसे त्या रात्री पायी निघालेली असतात. कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेले कामगार असतात, महाविद्यालयातली पोरे असतात, नवस बोललेल्या बाया असतात. ठिकठिकाणी चहा आणि साबुदाण्याची खिचडी वाटणारे तरुण हाताला धरून थांबवतात. त्या रात्री रस्ता पुन्हा पूर्वीसारखा रस्ता होतो. अंतर पायांनी मोजले जाते, आणि वाहनांनी माणसांना वाट द्यायची असते. मध्यरात्रीनंतर कधीतरी दिल्ली दरवाजाची कमान येते. दिवसा जिथे एक मोटार दुसरीला जाऊ देत नाही, त्याच कमानीखालून शेकडो माणसे एकमेकांना फारसा धक्का न लावता पलीकडे जातात. दरवाजा अरुंद नाही. त्याचे माप माणसाचे आहे, एवढेच.